एर्सिलियाला पश्चात्ताप होत नाही

एर्सिलिया मेंकारेल्ली माझी शेजारीण. बोर्गो पिओ गल्लीत माझा कॉफीचा बार आणि तिचं इस्त्रीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की तिची वाफ माझ्या साखरेत शिरते आणि साखरेच्या गुठळ्या होतात. हे मी तिला वर्षानुवर्षं सांगत आले. ती म्हणते, "मग साखर दुसरीकडे ठेव." म्हणजे माझ्या दुकानात माझी साखर मी दुसरीकडे ठेवायची! अशी ती बाई. तिच्याइतकं हट्टी माणूस मी आयुष्यात दुसरं एकच पाहिलं, आणि तो तिचा सख्खा भाऊ. तो पुढे पोप झाला, हे आमच्या गल्लीचं नशीब.

मेंकारेल्लींच्या घरात नऊ मुलं. बाप पावाच्या भट्टीवर कामाला, पहाटेपासून पीठ मळून दमलेला माणूस. नावं शोधायला त्याला वेळ कुठला? सातव्याला त्याने सेत्तिमियो म्हणजे सातवा असंच नाव ठेवलं, आठव्याला ऑत्तावियो म्हणजे आठवा. नववी मुलगी झाली तोवर त्याला मोजायचाही कंटाळा आला होता, म्हणून तिला आजीचं नाव मिळालं. ती एर्सिलिया.

ऑत्तावियो लहानपणापासून तसाच. गल्लीत पोरं चेंडू खेळायची तेव्हा त्याला पंच करायची, कारण तो खोटं बोलत नसे. एकदा त्याने सेत्तिमियोच्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरुद्ध पेनल्टी दिली. सेत्तिमियोने त्याचं नाक फोडलं. नाकातून रक्त वाहत होतं आणि हा "हात लागला होता, हात लागला होता" एवढंच म्हणत उभा. आणि हात लागलाच होता, मीही पाहिला होता. ऑत्तावियोचं हेच वाईट. तो चुकत असता तर त्याच्याशी निवांत भांडता आलं असतं.

पुढे तो फादर झाला, बिशप झाला, कार्डिनल झाला, पण दर गुरुवारी दुपारी एर्सिलियाकडे जेवायला यायचा. गुरुवारी रोममध्ये घरोघरी बटाट्याचे न्योक्की असतात, तिच्याकडेही असायचे. एर्सिलियाचा नवरा लवकर गेला. मुलगी फ्लाविया तेव्हा दुपट्यातली. तिला चालायला शिकवलं ते या मामाने, लॅटिनचा अभ्यास घेतला तो याच मामाने. झग्याची बटणं तोडून तोडून तिने त्याची दमछाक केली होती. कार्डिनल झाल्यावरही तिच्यासमोर तो गुडघ्यावर बसून घोडा व्हायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते, नाहीतर माझा स्वतःचा विश्वास बसला नसता.

नवा पोप ठरल्याचा पांढरा धूर चिमणीतून निघाला त्या संध्याकाळी अख्खा बोर्गो, म्हणजे आमची सगळी वस्ती, सान पिएत्रोच्या चौकात धावला. एर्सिलिया दुकानात. कुणाच्या तरी लग्नाच्या चादरी द्यायच्या होत्या. सज्जातून नाव ऐकलं आणि मी चपला हातात घेऊन परत पळत आले.

"एर्सिलिया! अगं, तुझा ऑत्तावियो!"

"काय केलं त्यानं?" तिने असं विचारलं, जणू पोलिसांनी धरून नेलाय.

"पोप झाला! नाव घेतलंय उर्बान. नववे उर्बान!"

तिने इस्त्री बाजूला ठेवली. "नववा? तो आठवा आहे. नववी मी!" मग खुर्चीत बसली आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून चादरीचं टोक लावलं. "माझा नंबरसुद्धा घेतला मेल्यानं."

नव्या पोपने पहिल्या दिवसापासून सगळं जुनं परत आणलं. आधीच्या पोपांनी स्वतःला 'मी' म्हणायला सुरुवात केली होती, ते याने बंद केलं. आता पुन्हा 'आम्ही'. एर्सिलिया पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा सेक्रेटरीने, म्हणजे मोन्सिन्योर (मानाचे फादर) विस्कार्दींनी, तिला वाटेत चार वेळा पढवलं की परमपूज्यांना 'आपण' म्हणायचं. तिने मान डोलावली. आत गेल्यावर भाऊ म्हणाला, "तू आलीस, आम्हाला फार आनंद झाला."

"आम्ही म्हणजे कोण कोण?" ही इकडेतिकडे बघत म्हणाली. "तू एकटाच तर दिसतोयस."

विस्कार्दींना खोकला आला म्हणे. तो माणूस गोलमटोल आणि मऊ. पूर्वी माझ्याच बारमध्ये पत्ते कुटायचा आणि हरला की सगळ्यांना कॉफी पाजायचा. हे 'पूर्वी' का म्हणते ते ऐका. नव्या पोपने फादर लोकांना पुन्हा लांब काळे झगे घालायला लावले, चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, पुन्हा लॅटिनमध्ये सुरू केली, गिटारी चर्चबाहेर काढल्या, इथवर ठीक. पण फादरांनी दुपारी बारमध्ये बसू नये असाही हुकूम काढला. माझं कोपऱ्यातलं टेबल एका आठवड्यात ओस पडलं. तीन मोन्सिन्योर आणि एक बिशप, माझे हक्काचे लोक, आता माझ्या दारावरून खाली मान घालून जायचे आणि मी कपबशा पुसत त्यांच्याकडे असं बघायचे की त्यांनी पापाची कबुली द्यावी.

आणि एर्सिलिया? तिची चांदी. रोममधल्या प्रत्येक फादरला आता कडक कांजीची कॉलर हवी. मी तिला म्हणाले, "तुझा भाऊ तुझा धंदा वाढवतोय आणि माझा बुडवतोय." ती म्हणाली, "त्याला धंद्यातलं काय कळतं? माझे हात बघ." हात खरंच बघवत नव्हते, कांजीने भेगाळलेले. भावाला हे कुणी सांगितलं असतं तरी त्याने हुकूम मागे घेतला नसता. स्वतःसाठीही घेतला नाही. त्याच्या खोल्यांमध्ये हिवाळ्यात शेगडी पेटत नव्हती, बुटांना तळवे लावून लावून तेच बूट. ढोंगी असता तर मी त्याच्यावर सुखाने जोक केले असते. बोर्गोत पोपवर जोक करायला कुणाला परवानगी लागत नाही, पण याच्यावर केलेला जोक टिकेना.

पोपने एकट्याने जेवायचं, ही सुद्धा जुनी रीत. ती परत आली आणि गुरुवारचं जेवण बंद झालं. एर्सिलियाने एक शब्द काढला नाही. गुरुवारी न्योक्कीचा डबा भरायची आणि पोपच्या वाड्याच्या सांत'आन्ना फाटकावर स्विस पहारेकऱ्याच्या हातात द्यायची. संध्याकाळी डबा धुऊन परत यायचा, सोबत विस्कार्दींचा निरोप, "परमपूज्य म्हणाले, मीठ बरोबर होतं." बाकी काही नाही. मी चिडून म्हणाले, "दर आठवड्याला तेच काय? चव आवडली म्हणायला तोंड दुखतं का?" तर ती म्हणाली, "आवडली असं तो कधीच म्हणत नाही. मीठ बरोबर म्हणाला म्हणजे चाटूनपुसून खाल्लं." आता बोला.

मग पोपने लग्नांबद्दल एक पत्र काढलं. ज्याचं एकदा चर्चमध्ये लग्न झालंय आणि जोडीदार जिवंत आहे, त्याने नगरपालिकेत जाऊन दुसरं लग्न केलं तर त्याला कम्युनियन नाही, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर नाही, हे आधीही होतं. या पत्राने त्यात भर घातली. अशा लग्नाला आनंदाने जो हजर राहील, त्यानेही कम्युनियन घ्यायचं नाही. आधी मनापासून पश्चात्ताप करायचा, कबुली द्यायची, मग या. सगळ्या चर्चमध्ये वाचून दाखवलं. बोर्गोने खांदे उडवले. रोमने आजवर अशी पत्रं थोडी ऐकली आहेत?

पण पुढच्याच वसंतात फ्लाविया घरी आली आणि म्हणाली, "आई, मी आणि दुइलिओ लग्न करतोय. कांपिदोल्योवर, नगरपालिकेत."

दुइलिओ ट्राम चालवतो. शांत, जाड मिशांचा, फ्लावियाला रात्रपाळीनंतर हॉस्पिटलच्या दारातून घरी सोडणारा. त्याची पहिली बायको कधीच बेल्जियमला पळून गेलेली, तिकडे तिला मुलंबाळंही झाली. पहिलं लग्न रद्द करा म्हणून चर्चच्या कोर्टात त्याचा अर्ज पडून होता. नव्या पोपच्या नियमांनी असे अर्ज परत यायला लागले, त्यात याचाही आला. फ्लाविया किती थांबणार? तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

इथे एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर बाकीचं सगळं वेडेपणाचं वाटेल. एर्सिलिया रोज सकाळी इस्त्री तापवायच्या आधी पहिल्या मिस्सेला जाते. पहिलं कम्युनियन घेतलं त्या वयापासून. नवरा गेला त्या सकाळीही गेली होती. मी आपली सणासुदीला जाणारी. मला सकाळी कॉफी नाही मिळाली तर डोकं दुखतं, तिला कम्युनियन नाही मिळालं तर ती दिवसभर उपाशी असते. मुलीच्या लग्नाला जायचं तर हे सोडायचं. हे धरायचं तर मुलीला एकटीला उभं करायचं. आणि दोन्हीकडून दोरी ओढणारा तिचाच भाऊ.

ती त्याला भेटायला गेली. परत आली ती सरळ माझ्या बारमध्ये, आणि ग्राप्पा मागितली, आमच्याकडची कडक दारू. ही बाई ग्राप्पा पीत नाही. तिने जे सांगितलं ते असं.

"फ्लावियाचं कळलं ना तुला?"

"आम्हाला कळलं आहे. तो माणूस विवाहित आहे, एर्सिलिया."

"त्याची बायको पळून गेली!"

"तिनं पाप केलं. म्हणून लग्न मोडत नाही."

"मग त्या बिचाऱ्यानं काय करायचं? ट्राम चालवायची आणि मरायचं?"

"एकटं राहायचं. आम्हीही एकटेच राहतो."

"आम्ही आणि एकटे, एकाच वाक्यात? निदान व्याकरण तरी सांभाळ, ऑत्तावियो."

मग तिने मुद्द्याचं विचारलं. "मी गेले तर?"

"पत्रात लिहिलं आहे."

"पत्र ऐकलंय मी. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कम्युनियन घेता येणार नाही. गेल्याचा पश्चात्ताप होईपर्यंत."

"मलासुद्धा? फ्लावियाच्या आईला? अरे, तुझं बोट धरून चालायला शिकली ती!"

तो खिडकीकडे वळून म्हणाला, "तुला सूट दिली तर सिसिलीतल्या कोळणीला मी काय सांगू? तिच्याही मुलीनं असंच केलंय. तिचा भाऊ पोप नाही, हा तिचा दोष?"

"इथं तो 'आम्ही' विसरला," एर्सिलिया ग्राप्पाचा पेला फिरवत म्हणाली.

"तू काय म्हणालीस मग?" मी विचारलं.

"काय म्हणणार? बरोबर बोलत होता."

मी फडकं आपटलं. "बरोबर कसलं! डोक्यावर पडलात तुम्ही दोघं!"

यावर बोर्गोने तोडगा काढला नसता तर तो बोर्गो कसला. आमचे पॅरिशचे फादर आन्सेल्मो स्वतः डोळा मिचकावत म्हणाले, "जा सगळे, पोटभर जेवा. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे या, पस्तावलो म्हणा, मी मोकळं करतो." झालं! खाटीक, शिंपी, मेणबत्तीवाली, मी, सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी पस्तावायचं ठरवून टाकलं. मी धावत एर्सिलियाला सांगायला गेले. तिने झग्याची बाही उलटी केली, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली.

"जायच्या आधीच पस्तावा ठरवायचा?"

"अगं, ही रीत आहे. सगळे असंच करतात."

"मी गेले तर मनापासून जाणार. मग दुसऱ्या दिवशी देवासमोर कसं म्हणू, की वाईट वाटलं? नाही वाटणार मला."

"थोडंसं वाटून घे की!"

"पाल्मिरा, तुझी कॉफी उतू जातेय," ती म्हणाली. जात होतीच.

तिने शेवटी जायचं ठरवलं. लग्नाच्या सकाळी तिच्या खोलीत मीच तिचे केस विंचरले. तिच्याकडे चांगला कपडा एकच, भाऊ पोप झाला तेव्हा शिवलेला. गळ्यापर्यंत बंद, काळं रेशीम, आणि डोक्यावर काळ्या लेसची ओढणी. पोपसमोर बायकांनी असंच जायचं असतं. आमच्या बोर्गोत याच्या वरचा कपडा नाही. राणी आली तरी पोपसमोर हाच घालते. तर मी ती ओढणी तिच्या केसांत टाचली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "व्वा!" माझ्या डोक्यात दुसरा विचारसुद्धा आला नाही. अशी मी शहाणी.

कांपिदोल्योच्या पायऱ्यांवर दुइलिओकडचे सगळे रंगीबेरंगी कपड्यांत, फोटोवाले टपून बसलेले. फ्लाविया मोतिया रंगाच्या सूटमध्ये, हातात छोटी पांढरी फुलं. तिने आईला वर येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कोण मेलंय, आई?"

"काय?"

"दुखवट्याचे काळे कपडे घालून आलीस माझ्या लग्नाला? मामानं सांगितलं का? नाही यायचं होतं तर यायचं नाही!"

एर्सिलिया स्वतःच्या कपड्यांकडे बघायला लागली. तिला खरंच कळेना. मलाही तेव्हा कुठे उजेड पडला, आणि त्या पायऱ्या फाटून मला आत घेतील तर बरं असं झालं. चहूकडे कॅमेरे कचकच वाजत होते.

"अगं, हा माझा सगळ्यात चांगला कपडा आहे," एर्सिलिया म्हणाली. "हा घालून मी पोपसमोर जाते. आज तुझ्यासमोर आले. याच्यापेक्षा चांगलं माझ्याकडे काही नाही गं."

फ्लाविया हसायला लागली, मग रडायला, मग तोंडाची पावडर आईच्या काळ्या रेशमाला लागली आणि ते पुसण्यात फुलं चुरगळली. दुइलिओ मिशीआडून म्हणाला, "सोरा एर्सिलिया," बाईंना आम्ही सोराच म्हणतो, "चला लवकर, नगरपालिकेचा माणूस जेवायला उठेल." मग लग्न लागलं. जेवणाला आर्टिचोक होते, कोकराचं मटण होतं, एर्सिलिया नवऱ्यामुलाबरोबर नाचली. असं मन लावून नाचली की मला दुसऱ्या दिवसाची काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा फोटो. पायऱ्यांवर काळ्या ओढणीतली एर्सिलिया आणि समोर रडणारी मुलगी. खाली लिहिलेलं, पोपच्या बहिणीने मुलीच्या लग्नात दुखवटा पाळून निषेध केला. हे काय भलतंच! सकाळपासून भाविक बायका दुकानात येऊन तिचे हात चुंबायला लागल्या. "केवढी श्रद्धा तुमची!" "पोटच्या पोरीपुढेही डगमगला नाहीत!" तिने कांजीची बादली उचलून त्यांना हाकललं.

दुपारी माझ्या बारमधला फोन वाजला. तिच्याकडे फोन नाही, त्यामुळे पोपचा निरोपही माझ्याच काउंटरवर येतो. मोन्सिन्योर विस्कार्दी होते. मी एर्सिलियाला भिंतीवर थापा मारून बोलावलं आणि कान तिच्या कानाला लावून उभी राहिले. का नाही राहायचं? फोन माझा आहे.

"सोरा एर्सिलिया, परमपूज्यांनी फोटो पाहिला," विस्कार्दींचा आवाज भरून आला होता. "ते फार हेलावले. म्हणाले, निषेध म्हणून गेली असेल तर पत्रातला नियम तिला लागतच नाही. उद्या सकाळी खुशाल कम्युनियन घ्या."

मी हात जोडले. देवाने ताटात वाढून दिलं होतं! तिने फक्त हो म्हणायचं होतं. हो सुद्धा नाही, गप्प बसायचं होतं. मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"मोन्सिन्योर," ती म्हणाली, "वर्तमानपत्रवाल्यांना कपड्यांतलं कळत नाही. मी निषेध करायला नव्हते गेले. आशीर्वाद द्यायला गेले होते. नाचलेसुद्धा. हे त्याला जसंच्या तसं सांगा."

"सांगायलाच हवं का?" विस्कार्दींनी विचारलं.

"तुम्ही नाही सांगितलं तर मी फाटकावर येऊन सांगेन."

तिने फोन ठेवला आणि मी तिच्यावर अशी ओरडले की रस्त्यातले यात्रेकरू थांबून बघायला लागले. "कुणाला काय पडली होती? तू गप्प, तो खूश, देवही खूश!"

"देवाला ठाऊक होतं मी नाचले ते," ती म्हणाली आणि भिंतीपलीकडे गेली.

त्या आठवड्यात अख्खा बोर्गो फादर आन्सेल्मोंकडे जाऊन पस्तावून आला. मीही. एर्सिलिया रोज पहिल्या मिस्सेला जायची, आणि कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहायची. लोक तिच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जायचे, परत यायचे. ती हात मांडीवर ठेवून समोर बघत असायची. महिने गेले, वर्षं गेली. ती वाळली. मला ते बघवेना, म्हणून मी त्या मिस्सेला जाणंच सोडलं. गुरुवारचा डबा मात्र चालू होता, आणि "मीठ बरोबर होतं" हा निरोपही. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला एक शब्द विचारला नाही.

मग पोप आजारी पडला. विस्कार्दी, जे आता कार्डिनल झाले होते, स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला आले. ती तासाभराने परतली. मी खुर्ची ओढून दिली.

"कसा आहे?"

"एवढासा झालाय. उशीत सापडत नाही. आता 'मी' म्हणतो."

"काही बोलला?"

"म्हणाला, 'एर्सिलिया, एकदा म्हण की चुकलं. मी स्वतः तुझी कबुली ऐकतो, स्वतःच्या हातानं तुला कम्युनियन देतो. मला ते करून मरायचंय.' मी म्हणाले, 'तू एकदा म्हण की नियम चुकला.'"

"आणि?"

"तो म्हणाला, 'नाही चुकला.' मी म्हणाले, 'माझंही नाही.' मग त्यानं विचारलं, फ्लाविया कशी आहे? मी म्हणाले, सुखात आहे. तर म्हणतो, 'ती सुखी होणार नाही असं मी कधी म्हणालो?'"

"मग काय केलंत तुम्ही दोघांनी?"

"काय करणार? मी त्याचा हात धरून बसले. तो झोपला."

मला इतका राग आला की मी आत जाऊन कपबशा धुतल्या, धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. एक शब्द! त्या दोघांपैकी कुणीही एक शब्द बोललं असतं तर दोघंही सुटले असते. आणि दोघंही तो शब्द रोज मनात उचलून बघत होते, हे मला माहीत होतं.

तो आठवडाभरात गेला.

अंत्यविधी चौकात झाला. सगळ्या जगाचे राजे, अध्यक्ष, बिशप. एर्सिलिया पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी फ्लाविया आणि दुइलिओ, मागच्या रांगेत मी, कारण माझ्याशिवाय ती यायला तयार नव्हती. समोर साधी लाकडी पेटी. कम्युनियनची वेळ झाली. आमच्या आजूबाजूचे सगळे उठले. ती तिघं बसून राहिली.

मग कार्डिनल विस्कार्दी रांग सोडून सरळ तिच्यापुढे आले. हातात सोन्याचं भांडं, डोळे सुजलेले. पवित्र भाकर उचलून त्यांनी तिच्या तोंडाशी धरली.

तिने मान हलवली.

ते वाकले, हळू आवाजात बोलले. मी मागेच होते, मला सगळं ऐकू आलं. "घ्या, सोरा एर्सिलिया. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाले, माझ्या बहिणीला द्या. तिला सूट आहे."

मी पाठीमागून तिच्या बरगडीत बोट खुपसलं. "घे! अगं, घे आता!"

एर्सिलियाने वर पाहिलं. "कुठल्या शब्दांत म्हणाला?"

"म्हणजे... हेच. असंच काहीतरी."

"आणि सिसिलीतली कोळीण? तिला काय सांगायला सांगितलं?"

विस्कार्दींनी भाकर थोडी खाली घेतली.

"माझा भाऊ असं बोलणार नाही," ती म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता. "तुम्ही चांगले आहात, मोन्सिन्योर, माझ्यासाठी करताय ते कळतंय मला. पण तो समोर पडलाय, त्याला आता काही बोलता येत नाही. त्याच्या तोंडी खोटं घालू नका."

विस्कार्दींनी तिला नमस्कार केला आणि ते पुढच्या माणसाकडे गेले. माझं खुपसलेलं बोट तिच्या पाठीवर तसंच राहिलं होतं. ते मी काढून घेतलं तेव्हा मला कळलं की तिची पाठ हलतेय. भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.